विंडोज ११मधील अंगभूत साधने: सहा महिन्यांच्या वापरानंतर

नवा संगणक हाती आला की पहिल्या दिवशी त्यावर काय काय बसवायचे, याची माझी एक ठरलेली यादी होती. पडद्याचे चित्र टिपण्यासाठी एक सॉफ्टवेअर, कॉपी केलेल्या मजकुराची नोंद ठेवण्यासाठी दुसरे, मराठी टंकलेखनासाठी तिसरे, दाबून लहान केलेल्या फायली उलगडण्यासाठी चौथे, आणि टिपणे लिहिण्यासाठी नोटपॅडपेक्षा बरे असे काहीतरी पाचवे. या वेळी यंत्र बदलले तेव्हा ती यादी मी मुद्दाम बाजूला ठेवली आणि विंडोज ११सोबत जे येते तेवढ्यावरच सहा महिने काम चालवायचे ठरवले. माझे काम संपादनाचे आणि मुद्रितशोधनाचे आहे. म्हणजे दिवसभर मजकूर इकडून उचलायचा, तिकडे ठेवायचा, पुन्हा वाचायचा आणि कोणती प्रत शेवटची हे विसरायचे नाही. साधने कसाला लावण्यासाठी हा धंदा चांगला आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. साधनांचा दर्जा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच वर आहे, पण त्यांची मांडणी उलटी आहे: जी सोय पहिल्या दिवसापासून चालू असायला हवी होती ती बंद अवस्थेत मिळते आणि जी कोणी मागितली नव्हती ती चालू अवस्थेत समोर येते. त्यामुळे हे परीक्षण जितके साधनांचे आहे तितकेच ती चालू-बंद करणाऱ्या बटणांचेही आहे.

सर्वांत ठळक उदाहरण क्लिपबोर्डच्या इतिहासाचे. विंडोज कळ आणि व्ही एकत्र दाबले की आतापर्यंत कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते आणि त्यातली हवी ती निवडून पेस्ट करता येते. ही सोय २०१८ सालच्या ऑक्टोबरच्या अद्ययावतीकरणापासून विंडोज १०मध्येच आलेली आहे, तरी वर्षानुवर्षे संगणकावर काम करणाऱ्या किती जणांना मी ती दाखवली आणि किती जणांचे डोळे विस्फारले, याची गणती नाही. कारण साधे आहे: ती मुळात बंद असते. प्रथमच या दोन कळा दाबल्यावर ‘चालू करायचे का’ अशी विचारणा होते. पण त्या दाबायच्या असतात हेच ठाऊक नसेल, तर विचारणा होणार तरी कशी? यादीत २५ नोंदी मावतात, त्यानंतर जुनी नोंद गळून पडते. एका नोंदीचा आकार ४ एमबीपर्यंत चालतो, मजकूर आणि चित्र दोन्ही राहतात, मात्र फाइलच कॉपी केली असेल तर ती यादीत दिसत नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की सगळे पुसले जाते. ज्या नोंदींना टाचणी लावलेली असते तेवढ्याच टिकतात. मी वारंवार लागणारी शेरेवजा वाक्ये, लेखकांना पाठवायच्या ठरावीक सूचना आणि कळफलकावर चटकन न सापडणारी काही चिन्हे अशी टाचून ठेवली आहेत, आणि केवळ यामुळे रोजची कितीतरी उचल-ठेव वाचली.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. नोटपॅडमध्ये लिहून ठेवलेला पासवर्ड तुम्ही कॉपी केला, तर तोही इमानेइतबारे या यादीत जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी कोणाला काही दाखवताना सर्वांसमोर झळकतो. पासवर्ड सांभाळणारी चांगली सॉफ्टवेअरे आपली नोंद या इतिहासात येऊ नये अशी खूण करू शकतात. साधी मजकूर-फाइल तसे करत नाही. सेटिंग्जमधील क्लिपबोर्डच्या पानावर ही यादी आपल्या इतर यंत्रांशी जुळवून ठेवण्याचा पर्याय आहे. तो मी बंदच ठेवला.

पडद्याचे चित्र टिपणारे स्निपिंग टूल विस्टाच्या काळापासून विंडोजसोबत येत आहे, पण त्या जुन्या कात्रीशी आजच्या साधनाचे नावापुरतेच नाते उरले आहे. विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा दाबल्या की पडदा किंचित काळवंडतो, हवा तो भाग चौकटीत घ्यायचा, आणि चित्र क्लिपबोर्डवरही जाते आणि चित्रांच्या फोल्डरमध्ये आपोआप साठवलेही जाते. आता त्यातच पडद्याचे चलचित्रणही करता येते. माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच आहे. टिपलेल्या चित्रातील मजकूर ओळखून तो अक्षरांच्या रूपात उचलून देण्याची सोय २०२३मध्ये या साधनात आली. स्कॅन केलेल्या पानावरची इंग्रजी संदर्भसूची पूर्वी मी हाताने टंकत असे. आता चौकट आखायची, उचलायची आणि ताडून पाहायची. तिथेच ई-मेलचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक एका बटणाने काळे करण्याची सोय आहे. ती फक्त या दोनच प्रकारांना ओळखते. नावे, घरचे पत्ते, खात्यांचे क्रमांक तसेच उघडे राहतात, म्हणून ‘झाकले’ असे समजून चित्र पुढे पाठवण्यापूर्वी डोळ्यांखालून घालायलाच हवे.

या साधनाबद्दल आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. २०२३च्या मार्च महिन्यात असे उघडकीस आले की जुने चित्र या साधनात उघडून, त्याचा भाग कापून त्याच फाइलवर पुन्हा साठवले, तर कापून टाकलेला भाग फाइलच्या पोटात काही अंशी शिल्लक राहत होता आणि जाणकाराला तो परत मिळवता येत होता. त्याच महिन्यात दुरुस्ती आली. आजचे साधन तो दोष बाळगत नाही, पण त्यापूर्वी कापून ठेवलेली चित्रे या दुरुस्तीने आपोआप स्वच्छ झालेली नाहीत. महत्त्वाचे काही असेल तर ते नव्याने टिपून घ्यावे.

नोटपॅडबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण मराठी लिहिणाऱ्यांनी त्याच्या हातून बरेच सोसले आहे. १९८५च्या पहिल्या विंडोजपासून असलेले हे साधन बराच काळ आपली फाइल ‘एएनएसआय’ या जुन्या, देवनागरी न मावणाऱ्या संकेतनात (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) साठवत असे. देवनागरी मजकूर लिहून साठवायला गेलो की काही अक्षरे नष्ट होतील असा इशारा येई, घाईत ‘ओके’ दाबले जाई, आणि पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर संपूर्ण पानभर प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसत. ती प्रश्नचिन्हे पुन्हा अक्षरे होत नसत. मजकूर गेलेला असे. २०१९च्या मे महिन्यातील अद्ययावतीकरणापासून नोटपॅडने सर्व लिप्या सामावणारे यूटीएफ-८ हे संकेतन मूळ पर्याय म्हणून स्वीकारले आणि हा छळ संपला. फाइल कोणत्या संकेतनात आहे हे खिडकीच्या तळपट्टीवर उजवीकडे लिहिलेले असते. जुन्या फाइली उघडताना तिकडे एक नजर टाकण्याची सवय मी अजून सोडलेली नाही.

आजच्या नोटपॅडमध्ये टॅब आहेत, आणि न साठवलेला मजकूरही खिडकी बंद करून पुन्हा उघडल्यावर जागच्या जागी सापडतो. ही दुसरी गोष्ट वरकरणी किरकोळ वाटते, परंतु टिपणासाठी फाइलला नाव देण्याची आणि जागा शोधण्याची कटकट गेल्यामुळे टिपणे करण्याचे प्रमाणच वाढते. एफ५ कळ दाबली की आजची वेळ आणि तारीख उमटते, हे अनेकांना माहीत असते. त्याहून गंमतीची युक्ती अशी की फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत एक टिंब देऊन त्याला लागून रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत ‘लॉग’ हा शब्द लिहिला, तर ती फाइल प्रत्येक वेळी उघडताना शेवटी तारीख आणि वेळ आपोआप जोडली जाते. एका पुस्तकाच्या संपादनाची रोजनिशी मी अशा एकाच फाइलीत ठेवली. कोणत्या दिवशी कोणते प्रकरण परत गेले, याची चौकशी झाली तेव्हा उत्तर देण्यासाठी मला दुसरे काही उघडावे लागले नाही.

आता तक्रार. या साध्या वहीत अलीकडे ठळक-तिरकी अक्षरे आली आहेत आणि मजकूर ‘नव्याने लिहून देणारे’ कृत्रिम बुद्धिमत्तेचे बटणही आले आहे. त्या बटणासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात प्रवेश करावा लागतो. सेटिंग्जमध्ये जाऊन दोन्ही गोष्टी बंद करता येतात आणि मी त्या केल्या. ज्या साधनाचे सगळे बळ त्याच्या साधेपणात होते, त्याला अलंकार चढवायचे आणि ज्या वर्डपॅडचे काम अलंकृत मजकुराचेच होते, त्याला २०२४च्या आवृत्तीतून काढून टाकायचे, यामागचे तर्कशास्त्र मला उमगलेले नाही.

मराठी टंकलेखनासाठी बाहेरचे काहीही बसवावे लागले नाही. भाषांच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतोच, आणि २०१९पासून फोनेटिक म्हणजे रोमन अक्षरांच्या उच्चारावर चालणारा कळफलकही जोडता येतो. विंडोज कळ आणि स्पेसबार यांनी भाषा बदलते. ज्यांना अधूनमधून चार ओळी लिहायच्या आहेत त्यांनी फोनेटिक घ्यावा; ज्यांचे लिहिणे रोजचे आहे त्यांनी दोन आठवडे कष्ट सोसून इन्स्क्रिप्ट शिकावा, असे माझे ठाम मत आहे. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला अशी रचना असल्यामुळे बोटांची लय लवकर बसते. शिवाय मराठीची खास गरज तिथे निमूटपणे भागते. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील रकार साध्या ‘र’ने लिहिला तर त्याचा रफार होऊन ‘वार्‍यावर’चा अर्थच न लागणारा ‘वार्यावर’ उमटतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’च्याच कळेवर शिफ्ट दाबले की टिंबवाला ‘ऱ’ येतो आणि त्याला हलन्त व ‘य’ जोडला की शब्द बरोबर बसतो. ‘ल’च्या कळेवर शिफ्टसह ‘ळ’ आहे. एवढे दोन संकेत लक्षात ठेवले की निम्मी लढाई जिंकली.

बोलून लिहिण्यासाठी विंडोज आणि एच या कळा आहेत. मराठी बोललेले उतरवले जाते, इंटरनेट मात्र लागते. पहिला कच्चा खर्डा काढायला हे ठीक आहे. विरामचिन्हे आणि जोडशब्द यांच्या दुरुस्तीत वेळ जातो, म्हणून छापण्याजोग्या मजकुरासाठी मी त्याच्यावर विसंबत नाही.

याउलट, ऐकण्याची सोय मला इतकी आवडली की ती आता माझ्या कामाच्या पद्धतीचाच भाग झाली आहे. विंडोजसोबत येणाऱ्या एज ब्राउझरमध्ये पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे आणि तीत मराठीचे दोन आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. कंट्रोल, शिफ्ट आणि यू या कळांनी वाचन सुरू होते, वेग कमी-जास्त करता येतो. स्वतःच दहा वेळा वाचलेल्या मजकुरातला गळलेला ‘नाही’ डोळ्यांना दिसत नाही, कारण मन तो आपोआप भरून घेते. कानाला तो तत्काळ खटकतो. दोनदा पडलेला शब्द, अर्धवट राहिलेले वाक्य, बदललेला वचन-लिंगाचा मेळ, हे सगळे ऐकताना सापडते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सापडत नाही, आणि त्यात आवाजाचा दोष नाही. आपण स्वतःच बोलताना शेवटच्या वेलांटीची लांबी पाळत नाही, तर यंत्राच्या तोंडून ती कशी ओळखणार? आणखी एक मर्यादा अशी की युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टांत बनवलेली पीडीएफ असेल तर वाचनातून अर्थहीन ध्वनींची माळ बाहेर पडते, कारण आत मराठी अक्षरे नसतातच, मराठीसारखी दिसणारी रोमन अक्षरे असतात.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दडवलेले साधन म्हणजे फाइल हिस्टरी. विंडोज ८पासून असलेली ही सोय तुमच्या कागदपत्रांच्या, चित्रांच्या आणि डेस्कटॉपच्या फोल्डरांतील बदललेल्या फाइलींच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर आपोआप ठेवत जाते. मूळ मांडणीत दर तासाला एकदा. ती बंद असते, आणि विंडोज ११मध्ये ती नव्या सेटिंग्जमध्ये नाही, जुन्या कंट्रोल पॅनेलच्या आडोशाला आहे. मी ती चालू केली ती स्वतःच्या निष्काळजीपणानंतर. एका प्रकरणाची दुरुस्त प्रत समजून मी मूळ प्रतीने तीच फाइल झाकून टाकली आणि चार तासांचे काम वाया घालवले. त्यानंतर अशीच चूक माझ्या हातून पुन्हा झाली, पण या वेळी फाइलवर उजवी कळ दाबून, तिच्या गुणधर्मांतील मागील आवृत्त्यांच्या यादीतून सकाळची प्रत परत आणायला दोन मिनिटेही लागली नाहीत. उणिवा आहेत. आपल्या पसंतीचा वेगळा फोल्डर थेट जोडता येत नाही, तो आधी एखाद्या ‘लायब्ररी’त समाविष्ट करावा लागतो. डिस्क जोडलेली नसेल तर प्रत बाहेर जात नाही. जुन्या आवृत्त्या मूळ मांडणीत कायम ठेवल्या जातात, म्हणून डिस्क भरत जाते. मी ती मुदत एका वर्षावर आणली. आणि ही संपूर्ण संगणकाची प्रतिकृती नव्हे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

कॅल्क्युलेटरमध्ये दोन तारखांमधले अंतर मोजण्याचा पर्याय आहे आणि मुदतींचा हिशेब करणाऱ्यांनी तो जरूर वापरावा. त्याच साधनात एक सापळाही आहे. साध्या प्रकारात २ अधिक ३ गुणिले ४ याचे उत्तर २० येते, शास्त्रीय प्रकारात १४. कारण पहिला प्रकार कळा दाबाल त्या क्रमाने गणित करतो, दुसरा गुणाकाराला अग्रक्रम देतो. दोन खिडक्या शेजारी-शेजारी बसवण्यासाठी विंडोज आणि बाणाच्या कळा, वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे डेस्कटॉप करण्यासाठी विंडोज आणि टॅब, हे बहुतेकांना ठाऊक असेल. झिपखेरीज आरएआर आणि ७झेड या प्रकारांच्या फाइलीही विंडोज ११ २०२३पासून स्वतःच उलगडते, म्हणजे माझ्या यादीतले चौथे सॉफ्टवेअर निकालात निघाले.

स्टोरेज सेन्स ही जागा मोकळी करणारी सोय चालू करण्यासारखी आहे, पण चालू करताना डाउनलोड्सच्या फोल्डरसमोरचा पर्याय स्वतः वाचावा. मूळ मांडणीत तो फोल्डर सुरक्षित असतो. उत्साहाच्या भरात तिथे ‘३० दिवस’ निवडले, तर ज्यांचे आयुष्य डाउनलोड्समध्येच साठलेले असते त्यांच्यावर पस्तावण्याची वेळ येईल.

यंत्राच्या प्रकृतीबद्दल दोन अहवाल विंडोज स्वतःकडे बाळगून असते आणि ते कोणी मागत नाही. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असे रोमन अक्षरांत लिहिले की दिवसवार आलेख उघडतो. १ ते १० या मापावर यंत्राची स्थिरता आणि कोणत्या दिवशी कोणते सॉफ्टवेअर कोलमडले किंवा नवे बसले, हे त्यात एकाखाली एक दिसते. ‘काल-परवापासून अडतोय’ या मोघम तक्रारीला त्यामुळे तारीख मिळते. दुसरा अहवाल लॅपटॉपच्या बॅटरीचा. कमांड प्रॉम्प्ट या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत पॉवरसीएफजी, मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट, हे सगळे रोमन अक्षरांत लिहिले की एक पान तयार होते. त्यातले मूळ क्षमता आणि आजची पूर्ण भारित क्षमता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी हे पान मागून घ्यावे.

चालू अवस्थेत येणाऱ्या नकोशा गोष्टींची दखल घेतल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. स्टार्टमधील शिफारशी, स्थानिक फाइल शोधताना मध्ये येणारे इंटरनेटवरचे निकाल, अधूनमधून डोकावणाऱ्या सूचना. यांतील बहुतेक सेटिंग्जमध्ये बंद करता येतात, पण त्यांची बटणे एका ठिकाणी नाहीत. पर्सनलायझेशन, प्रायव्हसी, नोटिफिकेशन्स अशा तीन-चार दालनांतून फिरावे लागते. मला यासाठी अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास क्लिपबोर्डचा इतिहास व फाइल हिस्टरी चालू करण्यात गेलेल्या पाच मिनिटांपेक्षा जास्त खटकला.

एका कामापुरते मात्र हार पत्करावी लागली. शेकडो फाइलींची नावे एकदम बदलायची असतील, तर फाइल एक्सप्लोररमध्ये सगळ्या निवडून एफ२ दाबता येते, पण मिळते ती एकाच नावापुढे कंसातील अनुक्रमांकांची माळ. नावातला एक शब्द शोधून त्याजागी दुसरा घालायचा, तारखेचा क्रम उलटवायचा, ही कामे त्याला जमत नाहीत. पॉवरशेल या अंगभूत साधनात आज्ञा लिहून ती होतात, पण ते सामान्य वापरकर्त्याचे क्षेत्र नव्हे. विंडोजच्याच निर्मात्यांच्या पॉवरटॉइज या मोफत संचात नेमके हेच साधन उत्तम अवस्थेत तयार आहे. फक्त तो संच विंडोजसोबत येत नाही, वेगळा उतरवून घ्यावा लागतो. सहा महिन्यांच्या माझ्या नियमाला पडलेला तेवढा एकच अपवाद.